एकवीसशे साठ मीटरवर

रविवारी अकराच्या सुमारास थोरली अप्पांच्या घरी पोचली, तेव्हा धाकट्याची गाडी फाटकाशी आधीच उभी होती. दर रविवारी तो यायचाच, पण बारा वाजल्याशिवाय कधी उगवायचा नाही. आज अकराच्या आत आला होता, म्हणजे त्याला कळलं होतं. कुणी सांगितलं असेल? शनिवारी दुपारी दक्षता अधिकाऱ्याच्या खोलीत तिच्याखेरीज तो आणि त्याचा कारकून, दोनच माणसं होती.

चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली. लगेच तिची तिलाच लाज वाटली. पाच वर्षांचा असताना याच भावाला कडेवर घेऊन ती जळत्या तेलविहिरीचा धूर दाखवायला गच्चीवर गेली होती. तो धूर त्यांच्याच काकांचा आहे, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सरकारनं तेलाची आणि वायूची दारं खासगी भांडवलाला उघडली, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. सरकारी तेल कंपनीच्या जुन्या मैदानाचे बावीस तुकडे पाडले गेले, प्रत्येकाला नंबर आला आणि लिलाव पुकारला गेला. बोली लावणाऱ्यांना त्या जमिनीतल्या सगळ्या जुन्या विहिरींची माहिती द्यायची होती. थोरली त्याच कंपनीत जुने कागद सांभाळायची, आणि ती माहिती तिच्या दप्तरात होती. आठ महिने ती आणि तिची माणसं पिवळी पडलेली पानं उलगडत बसली होती. घर विकताना किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हातात द्यावा, तसं ते काम. आजोबा पहिल्या विहिरीवर मजूर म्हणून आले, अप्पा तिथंच ड्रिलरपासून रिगप्रमुख, म्हणजे खोदकामाच्या मनोऱ्याचे प्रमुख झाले, आणि तिसऱ्या पिढीत थोरलीनं त्या सगळ्याची बाडं बांधून दिली.

सतरा नंबरच्या तुकड्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही, असं सगळे धरून चालले होते. तिथं एकच विहीर खणली गेली होती, अडतीस वर्षांपूर्वी. ती उसळली, पेटली आणि तीन माणसं घेऊन गेली. मग सिमेंट ओतून तिचं तोंड बंद केलं आणि कागदावर शेरा मारला : थोडा वायू होता तो जळून संपला, आता कोरडी जमीन. पण शुक्रवारी लिफाफे फुटले, तेव्हा सतरा नंबरला एक बोली निघाली. धाकट्याच्या कंपनीची. आणि तिच्यात लिहिलं होतं की पहिली विहीर जुन्या विहिरीशेजारीच खणू, आणि एकवीसशे साठ मीटरच्या आधी, खालचा दाब रोखायला भोकात सोडतात तो चिखल जड करून पोलादी नळी बसवू.

एकवीसशे साठ. हा आकडा माहितीच्या बाडात कुठेच नव्हता.

शनिवारी दक्षता अधिकाऱ्यानं तिला बोलावलं. सतरा नंबरच्या विहिरीचा मूळ अहवाल मोहोरबंद पाकिटात होता, आणि मोहोरेवर सही थोरलीची. पाकीट त्याच्यासमोर उघडलं. आत एकच टाइप केलेलं पान निघालं. विहीर एकोणीसशे मीटरवर उसळली. शिफ्टच्या ड्रिलरनं चिखल हलका ठेवला, त्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला. खाली रिगप्रमुख म्हणून अप्पांची सही.

"बाई," दक्षता अधिकारी शांतपणे म्हणाला, "तो आकडा कुठून तरी गेलाय. तुमचे बंधू त्या कंपनीत आहेत. दप्तराची किल्ली तुमच्याकडे. आणि पाकिटात जे पान आहे त्यात तो आकडाच नाही. पान बदलायला कितीसा वेळ लागतो?"

"मी बदललेलं नाही."

"सोमवारी दहा वाजता लेखी द्या. काय ते."

त्या रिगवरचं जिवंत माणूस आता एकच होतं, आणि ते या घरात राहत होतं. धाकट्यानं म्हाताऱ्याला गोड बोलून काहीतरी काढून घेतलं, याबद्दल थोरलीच्या मनात शंका उरली नव्हती. त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायलाच ती आली होती.

*

स्वयंपाकघरात काकू वाटाणे सोलत बसली होती. काका गेल्यावर ती याच घरात राहिली. आधी आईच्या हाताखाली, आणि आई गेल्यावर घराची मालकीण म्हणून. मधली तीस वर्षं तिनं कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून काढली. मूल नव्हतं. धाकट्याला तिनंच वाढवलं होतं, त्यामुळे त्याची बाजू ती न ऐकताच घ्यायची.

"काय गं, आज न सांगता?" ती म्हणाली.

"यायला परवानगी लागते का काकू?"

"लागत नाही. पण तो साडेदहालाच आला, बायकोला घेऊन. ती कधी रविवारची येते का? आल्यापासून तिघं आतल्या खोलीत दार लोटून बसलेत. आता तू. माझ्यापासून काय लपवताय तुम्ही सगळे?"

"मला कुणी काही सांगत नाही."

"मग मला तर कोण सांगणार," काकू म्हणाली आणि शेंग अशी पिळली की दाणे टोपलीबाहेर उडाले.

आतलं दार उघडलं. भावजय बाहेर आली. ती वकील होती, आणि घरातही तिचं बोलणं कोर्टातल्यासारखं मोजूनमापून असायचं.

"ताई, या. बोलायचंच आहे ना? एक करा, तुमचा फोन इथे फळीवर ठेवा. आम्हीही ठेवलेत."

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. "मी तुमचं बोलणं टिपून घ्यायला आलेय असं वाटतं तुला?"

"मला काहीच वाटत नाही. ठेवा फक्त."

तिनं फोन ठेवला. काकूही पदराला हात पुसत मागोमाग आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं, पण नको म्हणायची हिंमतही कुणात नव्हती.

अप्पा खिडकीशी खुर्चीत होते. रिगच्या आवाजानं त्यांचा डावा कान केव्हाच गेला होता, म्हणून ते नेहमी उजवा कान माणसांकडे करून बसत. आज त्यांनी डावा केला होता. धाकटा पलंगाच्या कडेवर बसला होता.

"सरळ विचारते," थोरली म्हणाली. "एकवीसशे साठ हा आकडा तुझ्या लोकांना कुणी दिला?"

"उत्तर देऊ नकोस," भावजय म्हणाली.

"अगं, तो माझा भाऊ आहे!"

"आणि माझा नवरा आहे. तुमच्या दक्षतावाल्यांसमोर उद्या तुम्हाला शपथेवर विचारलं तर तुम्ही खरं सांगाल. मी ओळखते तुम्हाला."

"हो, सांगेन."

"म्हणून उत्तर मिळणार नाही."

धाकटा उठला. "ताई, तू आमच्या कंपनीला दरोडेखोर समजतेस, हेच तुझं चुकतंय. चाळीस वर्षं तुमची सरकारी कंपनी त्या जमिनीवर पाय पसरून बसली. खाली काय आहे ते बघायला तुमच्याकडे यंत्र नाही, माणूस नाही, इच्छा तर नाहीच नाही. आता कुणी बाहेरचा येऊन खणतो म्हटल्यावर लगेच पोटात दुखतं?"

"खणा की. पण जिवावर उदार होऊन ज्यांनी ती माहिती जमवली, त्यांच्याच घरातून ती चोरून नेऊ नका."

"चोरून?"

"मग काय? आपल्या बापाला गोंजारून—"

"तोंड सांभाळ हं," काकू मध्ये पडली. "माझा पोर चोर नाही. तू लहानपणापासून अशीच. आपलं तेवढं खरं, बाकी सगळे खोटे."

"काकू, उद्या मला घरी बसवतील! दप्तराची किल्ली माझ्याकडे. पान मी बदललं म्हणतायत. सतरा नंबरच्या अहवालाचं पान."

काकूचा हात पदरातच राहिला. सतरा नंबर हा शब्द या घरात कुणी उच्चारत नसे.

"त्या विहिरीचा अहवाल?" तिनं हळूच विचारलं. "तो काय लपलाय? माझ्या नोकरीच्या फायलीत त्याची प्रत होती. मी वाचलीय ती. ह्यांच्या हलगर्जीपणामुळे... असं. एकोणीसशे मीटर."

"हो. एकोणीसशे. आणि याच्या कंपनीला एकवीसशे साठ कुठून मिळालं, ते तूच विचार आपल्या पोराला."

काकू धाकट्याकडे वळली. तो जमिनीकडे बघत होता. आणि मग, त्या दिवशी पहिल्यांदाच, अप्पा बोलले.

"मी दिला."

भावजय चटकन म्हणाली, "अप्पा, तुम्ही थांबा."

"अडतीस वर्षं थांबलो की," अप्पा म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली. उजवा कान आता सगळ्यांकडे होता. "त्यानं नाही विचारलं. मीच दिला. सात महिन्यांपूर्वी पेपरात नकाशा आला, सतरा नंबर लिलावात आहे म्हणून. लोक तो कागद खरा मानून खणतील. एकोणीसशेला काही झालं नाही की बिनधास्त खाली जातील. आणि एकवीसशे साठला पुन्हा तीन माणसं मरतील, नाहीतर तीस. मी याला म्हटलं, तुझ्या लोकांना सांग, तिथं दाब आहे. आधी नळी बसवा."

"बस. एवढंच सांगितलंत ना तुम्ही," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "मी तेवढंच वर कळवलं. धोका आहे म्हणून."

"आणि त्यांना कळलं की दाब आहे म्हणजे खाली वायू अजून आहे," थोरली म्हणाली. "बाकी कुणालाच कळलं नाही. म्हणून तुझी एकट्याची बोली. आणि म्हणूनच त्या तुकड्याचा प्रमुख तू."

भावजय धाकट्याकडे वळली.

"मला तू सांगितलंस की तुमच्या नव्या मोजणीत निघालं."

"अगं—"

"सकाळपासून मी तुझ्यासाठी ढालीसारखी उभी आहे. आणि तू मलाच गंडवलंस?" ती उठून त्याच्यापासून लांब, थोरलीच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली.

थोरलीला मात्र त्याचं समाधान वाटलं नाही. तिला वेगळंच बोचत होतं. "मला का नाही सांगितलंत अप्पा? दप्तर माझ्याकडे. मी रीतसर सगळ्यांना कळवलं असतं. सरकारी असो की खासगी, जो कुणी खणणार असेल त्याला."

"म्हणूनच नाही सांगितलं," अप्पा म्हणाले. "तू ते कागदावर आणलं असतंस."

आणि सगळ्यांच्या आधी काकूला ते उमगलं. तीस वर्षं टाइप केलेल्या अहवालांनी तिला एक शिकवलं होतं : आकडा एक लिहिला आणि खरा दुसरा असला, तर खाली सही करणाऱ्याला विचारायचं.

"कागदावर आणलं असतं तर काय झालं असतं, अप्पा?" तिनं विचारलं.

अप्पा खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवू लागले.

"विहीर एकवीसशे साठला उसळली. मग तुम्ही एकोणीसशे का लिहिलंत? आणि आकडा खोटा असेल, तर खालची दुसरी ओळ?" तिचा आवाज चढला नव्हता. "हलगर्जीपणाची?"

*

जेवण तसंच झाकून राहिलं. काकू आपल्या खोलीतून कागद आणि पेन घेऊन आली आणि टेबलाशी बसली.

"तुम्ही सांगा. मी लिहिते. साहेब लोक सांगतील ते उतरवून घ्यायची सवय आहे मला."

"काकू, थांब जरा," धाकटा म्हणाला. "दोन दिवस द्या मला. हा कागद बाहेर गेला तर अख्खा तुकडा लिलावातून जाईल. आमच्या वकिलांना—"

"आणि नाही गेला तर ताई जातील," भावजय म्हणाली. "त्यांच्यानंतर ते लोक तुझ्याकडेच येणार आहेत. लिहू दे त्यांना."

अप्पांनी डोळे मिटले. "त्या दिवशी दुपारी—"

"तारीख."

"तुला पाठ आहे."

"तुम्ही सांगा."

त्यांनी तारीख सांगितली. मग एकेक वाक्य, घासून घासून. एकवीसशे पन्नासला चिखल वर येऊ लागला तो फेसाळलेला, हलका. शिफ्टचा ड्रिलर, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मंचावरून खाली उतरून त्यांच्याकडे आला. म्हणाला, दादा, थांबू या. चिखल जड करू, नळी बसवू, मग पुढं. त्याला चार दिवस लागले असते. तिसऱ्या दिवशी मंत्री यायचे होते. मोठ्या साहेबांचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला होता.

"मग?" काकूचं पेन थांबलं होतं.

"मी म्हटलं, अजून दहा मीटर जा."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. हातमोजे चढवले आणि वर गेला."

तिनं ते लिहिलं. अक्षर हललं नाही. थोरली तिच्या बोटांकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता पेन खाली पडेल, आता पडेल.

"एकवीसशे साठला विहीर उसळली. तिघं गेले. नऊ दिवस जळत होती. दहाव्या दिवशी मला मोठ्या कचेरीत बोलावलं. कागद तयार होता, टाइप करून. खोली कमी दाखवली, म्हणजे बिननळीचं इतकं खाली का गेलात, असं कुणी विचारायला नको. ते म्हणाले, सही केली तर तुझ्या भावजयीला नोकरी. नाही केली तर तू आत, आणि दोन्ही घरं रस्त्यावर."

काकूनं मान वर केली. "म्हणजे माझी नोकरी..."

अप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"ह्यांच्या नावाला काळं फासलंत, त्याची भाकरी मी तीस वर्षं खाल्ली. ह्यांच्याबरोबर गेलेल्या त्या दोघांच्या बायका मला रस्त्यात ओळख देत नव्हत्या. मी म्हणायचे, बरोबरच आहे त्यांचं. माझ्याच नवऱ्यानं मारली त्यांची माणसं." तिनं अप्पांकडे पाहिलं. "आणि तुम्ही रोज माझ्या हातचं जेवत होता. समोर बसून."

"पोरं लहान होती," अप्पा म्हणाले. "तुझं पुढं काय झालं असतं..."

"ते मला विचारायचं होतंत."

तिनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. अप्पांनी सही केली. थोरलीनं कागद घ्यायला हात पुढे केला. त्याच क्षणी धाकट्यानंही केला. दोघांचे हात टेबलावर समोरासमोर आले आणि दोघंही ओशाळले.

काकूनं कागदाची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

"कुणालाच मिळणार नाही. तुला नोकरी वाचवायचीय, आणि याला आपला तुकडा. दोघंही माझीच पोरं, पण आज मला तुमच्या कुणाचा भरवसा नाही."

"काकू, सोमवारी दहा वाजता मला—"

"ऐकलंय मी. माझा कान शाबूत आहे."

ती खोलीत गेली आणि आतून कडी लावली. धाकटा बराच वेळ दाराबाहेर उभा राहून हलक्या आवाजात काहीबाही बोलत होता. आतून उत्तर आल्याचं थोरलीनं ऐकलं नाही. पण ती निघाली तेव्हाही तो तिथंच उभा होता.

*

सोमवारी दहाला दक्षता अधिकाऱ्याच्या खोलीत थोरली एकटीच होती. टेबलावर कोरा कागद होता. सव्वादहा झाले. काकूचा फोन लागत नव्हता. भावजयीला विचारावं, तर तिनं सकाळीच कळवलं होतं की नवरा पहाटेच कुठेतरी निघून गेलाय. त्यानंच गाठलं असेल तिला. लहानपणी दोन अश्रू ढाळून तो काकूकडून काय वाट्टेल ते मिळवायचा. आता तर अख्खा तुकडा पणाला लागला होता.

"लिहिताय ना, बाई?" अधिकारी म्हणाला.

तिनं पेन उचललं. काय लिहायचं? बापानं खोटी सही केली, भावानं आकडा नेला, आणि पुरावा काय, तर एक म्हातारी जी आली नाही. तिनं आपलं नाव आणि हुद्दा लिहिला आणि तिथंच थांबली.

साडेदहाला बाहेर बोलण्याचा आवाज आला. दार उघडलं. काकू आत आली. तिच्या पाठोपाठ आणखी दोन म्हाताऱ्या आल्या. एकीच्या हातात काठी होती. थोरलीनं त्यांना कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण त्या कोण आहेत हे तिला लगेच कळलं. काकू सकाळपासून त्यांच्याच घरी गेली होती.

"उशीर झाला," काकू म्हणाली. "ह्यांना आधी वाचून दाखवायचं होतं."

धाकटा तिला सकाळी भेटला होता की नाही, हे थोरलीनं पुढेही कधी विचारलं नाही, आणि दोघांपैकी कुणी आपणहून सांगितलं नाही. सतरा नंबरचा लिलाव त्याच आठवड्यात थांबला. खरी खोली लिहिलेली माहिती सगळ्या कंपन्यांकडे गेली, आणि नव्यानं बोली लागली तेव्हा धाकट्याकडे ते प्रमुखपद राहिलं नव्हतं. थोरलीची किल्ली तिच्याकडेच राहिली. अप्पांची जबानी तीन दिवस चालली. त्या तीन दिवसांत काकू आपलं सामान काठीवाल्या म्हातारीकडे घेऊन गेली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी दक्षता अधिकाऱ्यानं घडी उलगडली, चष्मा लावला आणि ओठातल्या ओठात भराभर वाचायला लागला. अर्ध्यावर तो थांबला. त्यानं एकदा थोरलीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघून पुटपुटू लागला.

"असं नाही, साहेब," काकू म्हणाली.

"काय?"

तिनं दोघींना खुर्च्या ओढून दिल्या आणि स्वतः उभीच राहिली. "तो पहिला अहवाल तुमच्या लोकांनी मला कचेरीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. नाव घेऊन. मोठ्यानं. हाही तसाच वाचा."

अधिकाऱ्यानं घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.